चेसिस नंबर उमटेना

आधीच सांगून ठेवते — मी भूतखेत मानत नाही. कॉलेजपासून गावोगाव पत्रकं वाटत फिरते, अंगात येणाऱ्यांशी भर चौकात वाद घातलाय. त्यामुळे हे वाचून "ताई, आता पटलं ना?" असं कमेंटमध्ये विचारायला येऊ नका. नाही पटलं. तरी लिहितेय, कारण लोक हा किस्सा चुकीचा सांगून राहिले.

माझे मोठे मामा आमगावचे. त्यांचा छोटा मालवाहू टेम्पो होता. मामा-मामी मुरमुरे, फुटाणे, लाखोळीची डाळ घेऊन आठवडी बाजार करायचे — कधी आमगाव, कधी दवनीवाडा. गेल्या वर्षी मामा वारले. गाडी त्यांच्या नावावर, म्हणजे कायद्यानं हक्क मामीचा आणि तिच्या पोरीचा. पण धाकट्या मामांनी परस्पर ठरवलं, की गाडी आपल्या नावावर चढवायची. "बाईमाणूस गाडी घेऊन का करन?" मामीनं फक्त संमतीच्या स्टॅम्पपेपरवर सही करायची, बस्स. गाडी गेली असती तर मामीचा बाजार बंद, आणि पोरीला घेऊन दिराच्या तोंडाकडे पाहत बसणं आलं. मी कायदा छापून दाखवला तर म्हणाले, "तू कायले मधात पडून राहिली? तुझं पत्रक बाजारात वाट."

आमगावला आरटीओचा कॅम्प लागला होता. भर दुपार, गाड्यांची रांग. कागद तयार... बाकी फक्त मामीची सही आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ज्यांनी कधी केली नसेल त्यांच्यासाठी सांगते — गाडीच्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की तो उमटतो. लहानपणी आपण नाण्यावर करायचो, तेच.

एजंटनं घासलं. कागद काळा झाला, आकडा एकही नाही. त्यानं रॉकेलनं पुसलं, कागद बदलला, पेन्सिल बदलली. नुसतं काळं. धाकट्या मामांनी घासलं, तेच. "गंज असन," म्हणाले. गंज नव्हता. मी वाकून बोट फिरवलं, एकेक आकडा बोटाला लागत होता. मग मी स्वतः घासलं... माझ्याही कागदावर काही नाही. तपासायला आलेल्या साहेबांनी वैतागून स्वतःच्या पेन्सिलनं करून पाहिलं, त्यांचाही कागद काळा.

मामी तोवर केबिनमध्येच बसून होती. ती खाली उतरली, एजंटच्या हातातून कागद घेतला, वाकली, घासलं. अख्खा नंबर उमटला, छापल्यासारखा. धाकट्या मामांनी पेन्सिल हिसकावून त्याच जागी पुन्हा घासलं — काळा कागद. मामीनं परत घासलं — नंबर.

गर्दी जमली. मागून कुणीतरी बोललं, "बड़े भाई की आत्मा है, और क्या." धाकटे मामा घामानं चिंब. चपला काढून त्यांनी गाडीला हात जोडले. "वहिनी, गाडी तुमच्याच नावावर करा. दादाची मर्जी दिसून राहिली."

मामीनं काळी बोटं पदराला पुसली.

"त्यायची मर्जी मले माहीत नाही, भाऊजी. पर मी सही करतच नव्हती. तेच सांगाले आली होती इथं."

हे वाक्य लोक गाळतात! आत्मा सांगतात, काळा कागद सांगतात, मामीचा नकार कुणी सांगत नाही. प्रिंट पहिल्याच झटक्यात उमटली असती, तरी सहीवाचून गाडी धाकट्या मामांच्या नावावर चढली नसती. म्हणजे त्या दुपारी कुणी आलं असेलच, तर फुकट आलं.

काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. मेकॅनिकला विचारलं, कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं — दोघांकडेही उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. उत्तर नाही म्हणून भूत आहे, हे मात्र मी कबूल करणार नाही.

गाडी आता मामीच्या नावावर आहे, चालवते पण तीच. धाकटे मामा बाजारात दिसले की अजून हात जोडतात — गाडीला. मामीकडे बघतसुद्धा नाहीत.