प्रत माहितीस्तव

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. माझं नाही, साहेबांचं नाही, तालुक्याचं नाही आणि तिचं तर नाहीच. तिचं नाव मी एकदा कागदावर लिहिलं, तेवढं बास झालं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. आमच्याकडं बोललेलं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायला लागतं, आणि मी सरकारी कार्यालयात बसते गोपनीय टपालाच्या टेबलावर. घरचे यावर हसत आलेत. नवरा म्हणायचा, तुझ्या पोटात आमटीत मीठ जास्त पडलेलं राहत नाही, तिथं सरकारची गुपितं काय राहणार. पण राहिली. बावीस वर्षं राहिली. कुणाविरुद्ध अर्ज आलाय, कुणाची चौकशी लागलीय, हे मला त्या माणसाच्या आधी कळायचं आणि दुपारी मी त्याच्याच शेजारी बसून डबा खायची. तोंडातनं अक्षर जायचं नाही. याचा मला माज होता. स्पष्टच सांगते, माज होता.

ती दक्षिणेकडच्या एका तालुक्यातली अंगणवाडी सेविका. भाताचा आणि काजूचा मुलूख. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, घरात सासू आणि दोन पोरी. अंगणवाडीतल्या पोरांना खाऊची जी पाकिटं येतात, त्यावरची तारीख एक दिवस तिच्या अंगठ्याला लागली. पुसून बघितलं तर खाली दुसरी तारीख, कधीच उलटून गेलेली. त्याच आठवड्यात दोन पोरं उलट्यांनी आडवी झाली होती. तिनं तालुक्याच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, तू पोरं सांभाळ, तारखा आम्ही सांभाळतो. मग तिनं पाकीट पिशवीत घातलं, कोल्हापूरची एसटी धरली आणि अन्न तपासणाऱ्या खात्यात जाऊन टेबलावर ठेवलं.

पाकिटं तपासायची त्या खात्यानं, आणि तालुक्याच्या अधिकाऱ्याची चौकशी करायची आमच्या, म्हणजे अंगणवाड्या चालवणाऱ्या खात्यानं, असं ठरलं. अन्न खात्यात तिचा जबाब घेताना एक बाईमाणूस हजर पाहिजे म्हणून साहेबांनी मला पाठवलं. जबाब देताना ती एकदाही अडखळली नाही. सही करायची वेळ आली तेव्हा मात्र पेन हातात धरून माझ्याकडं बघत बसली.

"अक्का, हे आमच्या सायबास्नी कळलं तर माझं काम जातंय बगा. काम गेलं की सासू म्हणणार, जा तुज्या म्हायारला. पोरी घिऊन कुठं जाऊ मी?"

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "तुझं नाव दोन खात्यांच्या दोन कपाटांच्या बाहेर जात नाही. कागद माझ्याच हातनं जाणार हाय. कर सही."

तिनं केली.

अन्न खात्यानं जबाबाची प्रत आमच्याकडं पाठवली ती मोहोरबंद पाकिटातनं, वर अट घालून की जबाब देणाऱ्याची ओळख कुठंही उघड होऊ नये. साहेबांनी मला बोलावलं. त्या खात्याला जबाब पोचल्याचं कळवा, म्हणाले, आणि पाकिटांचा अहवाल लवकर मागा. साधं पत्र. असल्या पत्राला दोन पाकिटं असतात. आतल्यावर गोपनीय असं लिहून लाखेची मोहोर, वरनं दुसरं साधं. आतलं पाकीट ज्याच्या नावानं असेल त्या अधिकाऱ्यानं स्वतः फोडायचं, कारकुनानं हात लावायचा नाही. आता कार्यालयात सगळं संगणकावर चालतं, पण चौकशीचा कागद आमच्याकडं अजून लाखेनंच जातो.

पत्र मी स्वतः केलं. विषयाच्या ओळीत तिचं नाव आणि गाव घातलं, कारण विषय अर्धवट लिहिलेला मला खपत नाही. आणि सगळ्यात खाली, डाव्या बाजूला, लिहिलं: प्रत माहितीस्तव. त्याच्यापुढं तालुक्याच्या त्या अधिकाऱ्याचं पदनाम.

का लिहिलं? लोक विचारतील, बाई, शुद्धीवर होता काय. होते की. ज्या तालुक्याचा विषय त्या तालुक्याला प्रत, ही आमची रीत. प्रत दिली नाही तर आम्हाला अंधारात का ठेवलं म्हणून उलट आमच्याकडनंच खुलासा मागतात, म्हणून आम्ही सगळ्यांना सगळ्याच्या प्रती देत सुटतो. बावीस वर्षांत ती ओळ हाताला इतकी बसली होती की ती लिहिल्याशिवाय पत्र पुरं झाल्यासारखं वाटायचं नाही. साहेबांनी न वाचता मूळ पत्रावर आणि तालुक्याच्या प्रतीवर सह्या केल्या. तुम्ही केलंय म्हणजे बघायचं काय, म्हणाले. मी दोन्ही कागद आपापल्या पाकिटांत बंद केले, लाख वितळवली, मोहोर उठवली. एवढी काळजी घेतली की संगणकावरचं पत्रसुद्धा पुसून टाकलं.

त्या दिवशी महिन्याची बैठक होती. तालुक्याचा कारकून जाता जाता माझ्या टेबलापाशी आला.

"बाई, आमचं काय टपाल हाय का? गाडी चुकतीया माजी."

मी पाकीट त्याच्या हातात दिलं, पोचवहीत सही घेतली आणि वर सांगितलं, "भाऊसाहेब, गोपनीय हाय. साहेबांच्याच हातात द्या." असं बोलले मी. माझ्या तोंडानं.

डबा खाऊन आल्यावर आमच्याकडं राहणारी प्रत फाइलला लावायला घेतली आणि डाव्या बाजूची ओळ वाचली. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच पत्राची आहे. परत वाचली.  

कारकुनाला फोन लावला. तो एसटीत, आवाज तुटतोय. म्हटलं, भाऊसाहेब, ते पाकीट चुकून गेलंय, देऊ नका, परत आणा.

"असं कसं, बाई? सही करून घेतलंय की मी. आता परत द्यायचं तर लेखी पायजे. आन तुमीच म्हणालासा, साहेबांच्या हातात द्या."

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. साधं पाकीट असतं तर त्यानं स्वतः फोडून बघितलं असतं आणि मी त्याला कसंही समजावलं असतं. मोहोर होती म्हणून त्याला हात लावता येत नव्हता, आणि ती मोहोर मी उठवली होती.

मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. म्हटलं, साहेब, दोन ओळी लिहून द्या, पाकीट न फोडता परत करावं म्हणून, मी आत्ता जाते.  साहेब म्हणाले, "बाई, असं लेखी दिलं म्हणजे चूक झाली हे आपणच कबूल केलं. सही माझी आहे."

"आणि जबाब तिचा हाय, साहेब."

"हळू बोला."

"मला हळू बोलता येत नाही," मी म्हणाले, आणि खरंच त्या वेळी अख्ख्या मजल्यानं ऐकलं असणार. त्यांनी उठून दार लावलं. लेखी काही दिलं नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि स्टँडवर आले.

तालुक्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. तीन तासांचा प्रवास. मी हिशोब करत होते, तो कारकून माझ्या पुढं दीड तास. वाटेत चहाला थांबला तर सव्वा. तिथला अधिकारी फिरतीवर असला तर पाकीट टेबलावर तसंच राहील. देवा, त्याला फिरतीवर पाठव. मी नृसिंहवाडीच्या दत्ताला कधी नवस बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले, आणि काय बोलले तेही आता आठवत नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "कोण आजारी हाय काय, बाई?" मी व्हय म्हटलं.

पोचले तेव्हा कार्यालय सुटायला थोडा वेळ होता. अधिकारी खुर्चीतच होता. उठून उभा राहिला, या मॅडम म्हणाला, शिपायाला चहा सांगितला. पाकीट त्याच्यासमोर होतं. मोहोर अख्खी होती. त्यानं वरची कड सुरीनं सरळ कापली होती आणि पत्र घडी घालून परत आत ठेवलं होतं.

"हे चुकून आलंय वाटतं आमच्याकडं," तो म्हणाला. "मी वाचलंच नाही. विषय बघितला आणि म्हटलं, हे आपलं नव्हे. घेऊन जा तुम्ही. फक्त पोच तेवढी द्या."

विषय बघितला. विषयातच तर सगळं होतं. आणि मी काय केलं? त्याच्या कागदावर पोच लिहून दिली. खाली सही केली. त्यानं पुढं केलेला चहासुद्धा प्याले. त्या चहाची आठवण झाली की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिथनं माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं तिच्या गावी गेले. दिवस कलत होता. ती अंगणात काजूच्या बिया वाळत घातलेल्या गोळा करत होती. मला बघितलं आणि ओंजळीतल्या बिया तशाच परत सुपात टाकल्या. मी सांगायला सुरुवात केली. रडू आलं, म्हणून अर्धं सांगितलं, अर्धं राहिलं.

ती चिडली नाही. चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"मगाशी फोन आलता सायबांचा," ती म्हणाली. "कदी करत न्हाईत. म्हणाले, पोरी बऱ्या हाईत न्हवं? मोठी शाळंला एकटीच जातीया व्हय?" मग आत बघून आवाज खाली घेतला. "सासूला ठावं न्हाय अजून. तुमी जावा, अक्का. गाडी सुटंल."

पुढच्या महिन्याभरात तिच्या अंगणवाडीची तीनदा तपासणी झाली. हजेरीच्या वहीत खाडाखोड सापडली, वजनकाटा बिघडलेला सापडला, स्वयंपाकाच्या जागेत पाल सापडली. गावातल्या बायकांना कुणीतरी सांगितलं की हिच्यामुळं खाऊ बंद होणार, मग निम्म्या पोरांना आयांनी घरीच ठेवलं. हे सगळं आमच्याकडंच कागदावर येत होतं आणि मीच त्याची नोंद करत होते. नवरा गोव्याहून चार दिवसांसाठी आला, भांडून परत गेला, हे मात्र कागदावर आलं नाही. ते मला तिनं फोनवर सांगितलं. त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही.

मी कबुलीचा अर्ज लिहिला. नाव कसं फुटलं, कोणाच्या हातनं फुटलं, साहेबांनी लेखी द्यायला नकार कसा दिला, सगळं लिहिलं. वरच्या कार्यालयाचा पत्ता घातला. खाली प्रत कुणालाच नाही. तो अर्ज मी पर्समध्ये घालून रोज कार्यालयात न्यायची आणि रोज परत आणायची. निवृत्तीला साडेतीन वर्षं राहिली होती. पोराचं लग्न ठरत होतं. कारणं काय, मागेल तेवढी मिळतात. अर्ज दिला नाही. भित्री निघाले मी. ज्या तोंडाचा सगळ्या पेठेला दरारा, ते ऐन वेळेला मिटलं.

त्या अधिकाऱ्याच्या चौकशीची सुनावणी कोल्हापुरात, आमच्याच कार्यालयात ठेवली. ती एकटीच आली. वाळली होती. तालुक्याचा अधिकारी समोरच्या खुर्चीवर, हातात फाइल. आमचे साहेब मधे. जबाब अजून हातानंच लिहून घेतात आमच्याकडं, आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही पूर्वी दिलेला जबाब खरा आहे का?"

"सही माजी हाय," ती म्हणाली. "पर आत काय लिवलंय ते मी वाचलं नव्हतं. तारखा मी बगितल्या न्हाईत. मला काय म्हायती न्हाय."

मी लिहिलं. तिनं बोललेलं प्रमाण मराठीत करून एकेक वाक्य लिहिलं. साहेबांनी वाचून मान हलवली. तालुक्याचा अधिकारी खिडकीबाहेर बघत होता. शेवटी एक ओळ राहिली, जी प्रत्येक जबाबाच्या खाली लिहावी लागते आणि ती लिहिल्याशिवाय सही घेता येत नाही. वरील जबाब मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे.

मी स्वखुशीने एवढं लिहिलं आणि पुढं लिहिता येईना. साहेब म्हणाले, काय झालं, बाई.  मी डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून कागद बाजूला सरकवला. तिनं तो सरळ करून परत माझ्यापुढं ठेवला.

"लिवा की, अक्का," ती म्हणाली. "पोरी शाळंत हाईत. मला चारची गाडी धरायची हाय."

मी लिहिलं.