काचेच्या खोलीतलं कुंकू

कोजागिरी तोंडावर आली म्हणून देवाची पितळेची भांडी चिंचेनं घासायला काढली होती. समईचा वरचा भाग लख्ख झाला होता, बैठक अजून काळपटच होती आणि माझे हात मनगटापर्यंत कोळात होते. तेवढ्यात दारात राजारामभाऊजी. विक्रोळीच्या आमच्या चाळीत ते शेजारच्याच खोलीत राहतात. एरवी "वहिनी, चहा संपला का आमच्या वाटचा?" असं ओरडत पुढे जाणारा हा माणूस काल चपला काढून आत आला आणि कुंकवाची पुडी ओट्यावर ठेवून म्हणाला,

"हे परत घ्या. आमच्या घरात नको."

"अहो, देवीचं कुंकू कुणी परत करतं का?"

नवरात्रात आम्ही बायका मिळून कुंकुमार्चन करतो. देवीचं एकेक नाव घ्यायचं आणि मूर्तीवर चिमूट चिमूट कुंकू वाहायचं. ते कुंकू मग प्रसाद म्हणून घरोघरी वाटतात. भाऊजींनी यंदा आपण होऊन थोडं जास्त मागून घेतलं होतं. मला कौतुकच वाटलं होतं.

ते उंबऱ्यावर टेकले. मी म्हटलं, उंबऱ्यावर बसू नये, आत बसा. तर म्हणाले, "आता काय व्हायचं राहिलंय वहिनी?"

भाऊजी अंधेरीला एका विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत कामाला आहेत, कंत्राटावर. नॅनो तंत्रज्ञानाची संस्था. तिथं सारखी व्याख्यानं, चर्चासत्रं चालतात. खुर्च्या लावायच्या, पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे माईक पळवायचा हे त्यांचं काम. व्याख्यानं ऐकून ऐकून चाळीत त्यांनाच सगळे प्रोफेसर म्हणतात. "एका केसाचे उभे लाख भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनो," असं ते सांगतात, आणि आमच्या सुगंधाआजी आपल्या विरळ डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "माझे आहेत तेवढे राहू दे रे बाबा."

व्याख्यानाच्या दालनामागे तिथं एक काचेची खोली आहे. आत पांढरा पोशाख चढवून, टोपी, मास्क, मोजे घालूनच जायचं. हवासुद्धा गाळून सोडतात. पोशाख देणं आणि कुलूप लावणं भाऊजींकडेच, त्यामुळे किल्लीही त्यांच्याकडे.

भाऊजींचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. खंडेनवमीला साच्याला झेंडू बांधून, हळदकुंकू लावून मगच घरी यायचे, आणि लहानपणी भाऊजींनाही बरोबर न्यायचे. यंदा संस्थेत झेरॉक्स मशीनला हार पडला, साहेबांच्या गाडीला पडला, शिपायाच्या सायकललासुद्धा पडला. काचेच्या खोलीतलं मोठं यंत्र, काचेच्या तुकड्यांवर बारीक थर चढवणारं, तेवढं कोरडं राहिलं. भाऊजींच्या जिवाला ते लागलं. त्यात ऋतिका म्हणून धुळ्याची एक मुलगी तिथं पीएचडी करते, हॉस्टेलवर राहते. दसऱ्यानंतर तिचं व्याख्यान होतं. ती सहज म्हणून गेली होती, "काका, माझ्यासाठीही सांगा हं देवाला."

काकांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी सगळे गेल्यावर हातपाय धुतले. पांढरा पोशाख, टोपी, मास्क, हातमोजे, सगळं नियमानं चढवलं, आणि चिमूटभर कुंकू आत नेलं. यंत्राच्या कडेला बोट टेकवलं. मुलीच्या हाताला यश दे म्हणाले. मग कुणी ओरडायला नको म्हणून लगेच फडक्यानं पुसून टाकलं. पुसलं म्हणजे गेलं, असंच त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं.

"आज तिचं व्याख्यान झालं," भाऊजी सांगू लागले. "पडद्यावर फोटो लावलान तिनं, हजारो पटीनं मोठा केलेला. काचेवरचा थर सायीसारखा हवा होता. त्यावर धोंडे पडलेले वहिनी, धोंडे! आमच्या गावच्या कातळाच्या सड्यावर असतात तसे. म्हणाली, दसऱ्याच्या आधीच्या काचा स्वच्छ आहेत, नंतरच्या सगळ्या खराब, आणि कुठून आलं ते कळत नाही. मला तिथंच कळलं."

"मग?"

"पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी विचारलं, आत जाताना हातपाय धुता की नाही? सगळे हसले. ती मान खाली घालून म्हणाली, सर, चूक माझीच झाली असणार. आणि तो प्रश्न विचारायला माईक नेऊन कोणी दिला? मी दिला. हसून दिला."

ऋतिकाच्या सरांनी तिथल्या तिथे सांगितलं, तुझ्या स्वच्छतेचा भरवसा नसेल तर आधीची मोजमापंही धरता येणार नाहीत. यंत्रावरची पाळी दुसऱ्याला द्यावी लागेल. म्हणजे पोरीचं सगळं काम मातीत.

भिंतीपलीकडून वनमालावहिनी, भाऊजींची बायको, तणतणत आल्या. मालवणी पट्टा सुरूच होता. "तुमका कोणी सांगलेला थंय जाऊक? बापाशीन साच्याक कुंकू लावल्यान म्हणान ह्येंनी पण लावल्यानी! आता गप ऱ्हवा. कंत्राटावरचो माणूस, उद्या लाथ घालून भायर काढतील."

"अगो, पण ता पोर..."

"पोर शिकलेला असा. निभावात तेचा."

आणि मी काय केलं? मीही मान डोलावली. म्हटलं, "कुणी विचारलंय का तुम्हाला? मग आपण होऊन कशाला बोलायचं?" भाऊजी उठून गेले. पुडी ओट्यावरच राहिली; मी ती उचलून फळीवर ठेवली.

संध्याकाळी दिवा लावला, पण देवीच्या कपाळाला कुंकू लावायला हात उचलेना. सारखं वाटत होतं, देवीला नावं घेत वाहिलेल्या कुंकवानं एका परक्या मुलीची मान खाली गेली, आणि ती का गेली हे ठाऊक असून मी एका माणसाला गप बसायला शिकवलं. स्तोत्र मध्येच विसरले. समई तशीच अर्धी घासलेली पडली होती.

आज संध्याकाळी भाऊजी पुन्हा आले. या खेपेला उंबऱ्यावर टेकले नाहीत.

"सांगितलं," म्हणाले.

"कुणाला?"

"आधी ऋतिकाला. पाण्याच्या मशीनपाशी गाठली."

"रागावली?"

"रागावली असती तर बरं झालं असतं. आधी हसली. म्हणाली, काका, खरंच माझ्यासाठी केलंत? मग बाकावर बसून रडली. मग म्हणाली, काल तुम्ही माईक घेऊन माझ्यासमोर उभे होतात, तेव्हाच का नाही बोललात?" भाऊजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "काय सांगणार? घरी आलो, रात्रभर झोपलो पण. ते नाही सांगितलं तिला."

आम्हा दोघींचा सल्लाही त्यांनी सांगितला नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग ते संस्थेच्या मोठ्या मॅडमकडे गेले. मॅडमनी खोलीची किल्ली काढून घेतली. कंत्राटाचं नंतर बघू म्हणाल्या. पण आधी तपासायला हवं. काचेवरचे कण आणि हे कुंकू एकच निघालं, तर ऋतिकाचं आधीचं काम शाबूत राहील, पाळीही परत मिळेल.

"म्हणून तेच कुंकू हवं, वहिनी. कागदात नको म्हणालीय ऋतिका, काचेच्या बाटलीत."

मी फळीकडे हात नेला. तिथं देवीच्या पुडीशेजारी दुकानातल्या कुंकवाची डबी होती. एक क्षणभर, खरंच क्षणभर, मनात आलं की हे दिलं तर जुळणार नाही आणि भाऊजींची नोकरी राहील. माझा हात डबीवर घुटमळला. हळूच म्हटलं, "हे देऊ का? हेही कुंकूच."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे. "वहिनी, तिच्यासमोर उभं राहून असं बोलता होय?"

मी डबी मागे सारली. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली शोधली, गरम पाण्यानं धुतली, गॅसजवळ ठेवून कोरडी केली. पुडी मी उघडून धरली, पण कुंकू त्यांनीच चमच्यानं भरलं, श्वास रोखून, जणू ती काचेची खोलीच होती. बूच घट्ट लावलं. बोटाला लागलं होतं तेवढं कपाळाला लावू की पुसून टाकू, असं त्यांनी मला विचारलं.  मग त्यांनीच ते नळाखाली धुतलं.

पलीकडून वनमालावहिनींची हाक आली, "जेवूक येतल्यास का थंयच ऱ्हवतल्यास?" भाऊजी उठले. बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून हात धरला.

उद्या सकाळच्या बसनं अंधेरीला जाऊन त्यांना ती ऋतिकाच्या हातात द्यायची आहे.