एल्रिजचा झेंडा

पोर्ट आर्थरच्या गोदीत लुसियन गिड्री प्रसिद्ध होता तो त्याच्या जिभेपायी. सरकारचं नाव निघालं की हा आधी थुंकायचा, मग बोलायचा.

व्हिएतनामच्या लढाईत तो मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाज खाजगी कंपनीचं, सरकारनं भाड्यानं घेतलेलं आणि पोटात बॉम्ब. सायगावच्या नदीत काठावरून रॉकेट आलं, नि त्याचा जोडीदार एल्रिज डेकवरच गेला. शवपेटी घरी आली तेव्हा एल्रिजच्या आईनं पेटीवर घालायला सरकारकडे झेंडा मागितला. कचेरीतला माणूस म्हणाला, "बाई, तुमचा मुलगा सैनिक कुठं होता? माल पोचवणारा नोकर तो!" शेवटी लुसियननं दुकानातून झेंडा विकत आणला.

नव्वद साली सैन्य आखाताकडे लढाईला निघालं. सरकारनं धक्क्याला बांधून गंजवलेली जहाजं बाहेर काढली, पण ती चालवायला माणसं मिळेनात. मग म्हाताऱ्या खलाशांची दारं ठोठावणं सुरू झालं. लुसियनच्या अंगणात प्रेस्कट नावाचा अधिकारी उगवला.

"मिस्टर गिड्री, तुम्ही मालवाहू जहाजांवरचे खलाशी म्हणजे देशाचं चौथं सैन्यदल!"

"अस्सं? आणि मी मेलो तर? पेटीवर झेंडा घालाल?"

प्रेस्कटनं टाय सैल केला. "ते धोरण... विचाराधीन आहे."

"एल्रिजची आई विचार होईपर्यंत थांबली नाही, मेली बिचारी. गरज पडली की सैन्यदल, मेलं की हमाल! चल, नीघ."

बायको अर्लीन दारातून ऐकत होती. "त्या टायवाल्याचा राग वाळवंटातल्या पोरांवर काढतोस होय रे?"

सकाळी लुसियननं खलाशांच्या युनियनच्या कचेरीत जाऊन जहाजासाठी नाव घातलं. तिथं बसलेल्या प्रेस्कटनं हात पुढं केला; यानं तो पाहिलाच नाही.

त्यांच्या जहाजांतून रणगाडे पोचले, लढाई संपली. गावात सैनिकांची मिरवणूक निघाली तेव्हा खलाशांना फुटपाथवर उभं केलं. व्यासपीठावरून प्रेस्कट 'सागरी वीरां'वर भाषण झोडू लागला. लुसियननं शांतपणे त्याच्याकडे पाठ फिरवली. शेजारच्यानंही फिरवली, मग एकेक करत साऱ्यांनीच. भाषण संपेपर्यंत व्यासपीठावरच्यांना नुसत्या पाठी दिसत होत्या.

"लोक काय म्हणतील?" अर्लीन कुजबुजली, आणि तिनंही व्यासपीठाकडे पाठ फिरवली.