राइयाचा पातळ थर

राइया केत्तुनेन मूळची सावो प्रांताकडची. तिकडच्या माणसाला 'बाहेर पाऊस आहे का' विचारलं तर तो सांगतो, 'असेलही, नसेलही.' अशा बाईने उभं आयुष्य हवेतला दमटपणा मोजणाऱ्या चकत्या घडवण्यात घालवावं, ही देवाचीच थट्टा म्हणायची.

आमचा कारखाना वान्ता शहरात, विमानतळाच्या अलीकडे. नखाएवढ्या काचेवर राइया प्लास्टिकच्या द्रावणाचा पातळ थर देते. हा थर हवेतली ओल पितो, हवा कोरडी झाली की सोडून देतो. त्यावर सोन्याचा आणखी एक थर, इतका विरळ की ओल आरपार जावी. प्लास्टिक जाड झालं तर चकती सुस्तावते, पातळ झालं तर वाटेल ते बरळते. राइयाची चकती यातलं काहीच करत नाही. याचा तिला माज आहे आणि तो तिला शोभतो.

त्या उन्हाळ्यात आमचा साहेब आह्ती लिंदरूस थर देणारं यंत्र घ्यायच्या विचारात होता. म्हणाला, "या वेळचा माल चोख निघाला तर यंत्र नको. नाहीतर राइया पॅकिंगला."

युहान्नुसची, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाची, सुट्टी संपवून आलो आणि मी कोरड्या कपाटातल्या चकत्या काढून तपासायला घेतल्या. ओल्या मिठाच्या बंद बरणीत हवेची ओल नेहमी शंभरात पंचाहत्तर असते, म्हणून आकडा पंचाहत्तर यायला हवा. आला एक्क्याऐंशी.

"बरणी उघडी राहिली असेल," राइया म्हणाली.

"घट्ट बंद आहे."

"मग तुझं तोंड उघडं राहिलं असेल."

नवी बरणी घेतली, नवं मीठ घातलं. आकडा तोच. आह्तीने कागद पाहिला आणि मान हलवली. "थर फसला. फेकून द्या सगळं."

राइया खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "समजा, सुट्टीत एखाद्या बाईने आपल्या कोरड्या कपाटात बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या वाळत टांगल्या असतील..."

"सौनाच्या वाफेत अंगावर मारायच्या जुड्या?" आह्ती म्हणाला. "चकत्यांच्या कपाटात? कुठली बाई?"

"सावोकडची असावी."

"किती जुड्या?"

"बाईचं कुटुंब मोठं आहे." आणि मग जरा घाईने, "माळ्यावर पानं काळी पडतात रे. त्या कपाटात कशी हिरवीगार राहतात!"

मला हसू आवरेना. आह्ती मात्र हसला नाही. पानांचा वास कपाटभर कोंडला होता आणि ओल पिणाऱ्या थराने तोही पोटभर पिऊन घेतला होता.

"हे बोलली नसतीस तरी चाललं असतं," तो म्हणाला. "तुला नाही, मी द्रावणालाच दोष दिला असता."

"द्रावणाला दिलास काय नि थराला दिलास काय, माल कचऱ्यातच गेला असता. मला मूर्ख म्हण. थराला बोलायचं काम नाही."

चकत्या भट्टीत चांगल्या तापवल्या, वास उडवला. निवल्यावर पुन्हा बरणीत ठेवल्या. आकडा हळूहळू चढला आणि पंचाहत्तरवर थांबला. मी दुसरी चकती लावली, तिसरी लावली. तेच.

आह्तीने कपाटाची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. "यापुढे कपाट मी उघडणार."

"उघड बापडा. पण थर?"

"थर तूच दे."

राइयाने आभार मानले नाहीत. डोक्याला टोपी घातली, हातमोजे चढवले आणि ती थर द्यायच्या खोलीत गेली.