ठोक्यामागून येणारा व्हायोला

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने जरा मोठी, आवाजाने जाड, आणि थोरल्या बहिणीसारखीच सगळ्यांनी गृहीत धरलेली. शहराच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात मी बावीस वर्षं हे वाद्य वाजवतोय. सासूबाई लोकांना "जावई व्हायोलिन वाजवतात" असं सांगतात. मी चूक सुधारत नाही. तेवढीच पत वाढते.

गेल्या वर्षी व्यवस्थापकांनी जाहीर केलं, की पुढचा कार्यक्रम टेक्नोबरोबर. म्हणजे यंत्रातून निघणारा तो एकसारखा धडधडता ठोका, ज्यावर तरुण मंडळी नाचतात, आणि सोबतीला काळ्या कपड्यांतले आम्ही. कँटीनमध्ये सगळ्यांत मोठ्याने विरोध मी केला. "यंत्राला ना श्वास, ना कान," वगैरे बरंच बोललो. लोकांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांनी होकार दिला. त्यातही मी पहिल्या काहींमध्येच होतो.

टेक्नोवाल्याचं नाव आम्ही आधीच धडधडे ठेवलं होतं. वाटलं होतं, कुणी गोंदवून घेतलेला पोरगा असेल. आला तो पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला सभ्य गृहस्थ. आवाजाचा त्रास होईल म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना कानात घालायचे बोळे वाटले.

तालमीला अडचण कळली. एरवी कंडक्टरचा हात खाली येतो, आम्ही एकमेकांचा अंदाज घेतो आणि अंमळ मागाहून एकत्र सुरू होतो. यंत्र कुणासाठी थांबत नाही. पहिल्या दिवशी अख्खा ऑर्केस्ट्रा मागे पडला. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी गाठलं. व्हायोलांकडून मात्र काहीतरी घसरत राहिलं.

"तुमचं यंत्र पुढे पळतंय," मी धडधड्याला सुनावलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

"असेल," तो म्हणाला. "एकेकाचं ऐकू या का?"

माझ्या शेजारणीने, जिच्यासोबत मी एकाच स्टँडवरून स्वरलिपी वाचतो, बरोबर ठोक्यावर वाजवलं. तिच्यापुढचेही बरोबर. मग माझी पाळी. ठोका पडला, आणि त्याच्या मागून, जिना चढून दमल्यासारखा, मी आलो. बावीस वर्षांचं पितळ उघडं पडलं. इतकी वर्षं शेजारणीचा गज हलला की मी माझा हलवत होतो.

"तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"हो. मला वाटलं, तुमची तशी पद्धत असेल."

धडधडे मात्र खूश झाला. "हे असं रेंगाळणं मला यंत्रातून जमतच नाही. शेवटी सगळे थांबतील, फक्त ठोका चालेल. तेव्हा तुम्ही एकटे वाजवा. असंच."

घरी मी छाती काढून शिरलो. बायको गणित शिकवते, त्यामुळे तिला फार फुगवून सांगता येत नाही.

"म्हणजे तुमच्या चुकीला खुर्ची दिली," ती म्हणाली.

"चूक नाही, शैली."

"आणि यंत्राला कान नव्हते ना?"

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पुढे पोरं उभी, त्यांच्यामागे बायको आणि सासूबाई. शेवटी सगळे थांबले. ठोका उरला. मी गज उचलला. भीतीने मी आयुष्यात ऐकलं नव्हतं इतकं नीट ऐकलं, आणि अचूक ठोक्यावर उतरलो. पुढचा सूरही अचूक. त्यापुढचाही. जिथे उशीर करण्यासाठी मला मुद्दाम बसवलं होतं, नेमका तिथेच मी जन्मात पहिल्यांदा वेळेवर पोहोचलो.

धडधड्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग एक बटण जरासं फिरवलं आणि आपला ठोकाच हळूच पुढे सरकवला. मी पुन्हा मागे पडलो. पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

"आज काय झालं होतं?" पडदा पडल्यावर त्याने विचारलं.

"घाबरलो."

"पुढच्या वेळी एवढं लक्ष देऊ नका."

सासूबाईंनी कानातलं यंत्र आधीच काढून ठेवलं होतं. खुर्ची छान हादरत होती, पाठ मोकळी झाली, असं त्या म्हणाल्या.

आता तोच कार्यक्रम घेऊन आम्ही गावोगावी फिरतो. बसमध्ये धडधडे माझ्याजवळ बसतो. त्याला प्रवासात गाणी चालत नाहीत. आम्ही थोडा वेळ मुलांच्या शिक्षणावर बोलतो आणि मग दोघेही झोपतो. उतरायच्या वेळी शेजारीण आम्हाला उठवते.