ढोलीच्या तोंडावरचा स्पीकर

आमगावचे लक्ष्मीचंद पटले धानसुद्धा दाताखाली फोडून पाहत. घरच्या रेडिओसाठी गोंदियाच्या दुकानदाराने त्यांना पारखायला दोन स्पीकर दिले होते. सायंकाळच्या गाडीने एक परत करायचा होता. पहिला त्यांनी धान साठवण्याच्या रिकाम्या ढोलीच्या तोंडावर बसवला. आवाज नुसता घुमला. दुसरा धानाने भरलेल्या ढोलीवर ठेवला, तर शब्द स्वच्छ आले. ते पहिला पिशवीत घालू लागले.

चुलीपाशी बसलेली पत्नी तुलसा म्हणाली, "त्यालेच रिकामी ढोली काऊन जी? तिच्यात त मी बोलली तरी घुमते!"

लक्ष्मीचंद ओशाळले. त्यांनी पहिला भरल्या ढोलीवर ठेवला. शब्द तितकेच स्वच्छ आले आणि दुसऱ्यात दबलेली तबल्याची थापही उमटली.

"आता?"

"आता दुसऱ्याले गाडीत बसवा."