सहीखालची रेघ

ईटच्या मामांच्या पत्रावर मी रेघ मारली नाही. विसरलो नव्हतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिला वाटतं, अक्कांचं मंत्रिपद गेलं म्हणून मी काम सोडलं.

रेघ म्हणजे काय, ते आधी सांगतो. अक्का म्हणजे आमच्या भागातून एकेक निवडणूक जिंकत दिल्लीत राज्यमंत्री झालेल्या बाई. मी त्यांचा पीए, अगदी पहिल्यापासून. रोज निवेदनं यायची. कुणाची बदली, कुणाचा रस्ता, कुणाच्या शिवारातली डीपी जळालेली. राजकारणात तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून पत्र सगळ्यांनाच मिळायचं. लेटरहेड, शिक्का, खाली अक्कांची सही. पण ज्याचं काम खरंच करायचं, त्याच्या पत्रावर सहीखाली एक आडवी रेघ असायची. रेघ असली की आमच्या ऑफिसातनं मागोमाग फोन जायचा, आणि काम होईपर्यंत जात राहायचा. रेघ नसली की पत्र पोस्टात पडलं, विषय संपला. हे अक्का, मी आणि पुढं दिल्लीच्या ऑफिसातला एक बाबू, एवढ्यांनाच ठाऊक होतं.

जिल्हा परिषदेत होत्या तोवर अक्का रेघ स्वतः मारायच्या. आमदार झाल्यावर गर्दी वाढली, त्या नुसत्या सह्या करत सुटायच्या. "रेघांचं तुम्ही बघा, भाऊ," म्हणाल्या. तेव्हापासून ते माझ्याकडं आलं.

मामा अक्कांचे सख्खे मामा नव्हेत. ईटच्या बाजूला त्यांची मेंढरं असतात आणि अख्खा भूम तालुका त्यांना मामा म्हणतो. अक्का पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव होता. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की कारभार नवरा बघणार, बाई सह्या करणार. भूमच्या बाजाराच्या दिवशी सभा होती. माईक यजमानांच्या हातात, अक्का मागं पदर सावरत. तेवढ्यात गर्दीतनं मामा ओरडले, "ओ दाजी, उमेदवार कोन हाय? तुमी का बाई? मग बाईला बोलू द्या की!"

लोक हसले. मामांनी टमाट्याचं एक रिकामं कॅरेट आणून पालथं घातलं. "ह्याच्यावर हुबं ऱ्हावा, अक्का. आन् माझ्याकडं बघून बोला. लोकाकडं बघू नका, लोकं लई वंगाळ दिसत्यात."

अक्का चार वाक्यं बोलल्या. नजर मामांवरनं हलवली नाही, मी बाजूलाच होतो. पण त्या चार वाक्यांनंतर यजमानांच्या हातात माईक परत कधी गेला नाही. पुढं आमदारकी आली, खासदारकी आली. प्रत्येक वेळी मामा वाडीवस्तीवर त्यांच्या पुढं चालायचे आणि घराघरात सांगायचे, "आमची भाची आलीया, पाणी द्या."

अक्का खासदार झाल्या तेव्हा मला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. इतकी वर्षं पिशवी धरली, आता आपलाही नंबर लागावा, असं वाटायचं. बैठकीत कुणीतरी माझं नाव काढलं. मामा माझ्या शेजारीच बसले होते. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "भाचे, तुमी शिक्का झ्याक मारता. पर मत मागाय गेल्यावर शिक्का काय कामाचा? तितं त्वांड लागतंय. तुमचं त्वांड तर चहा पिण्यापुरतंच उघडतंय."

सगळे हसले. अक्काही हसल्या. मीही हसलो. तिकीट दुसऱ्याला गेलं. तासाभरात मामा ते विसरूनही गेले असतील.

शपथविधीला आम्ही जिल्ह्यातून बरेच जण गेलो होतो. येडशीला गाडीत बसलो, पुढं गाडी बदलली. दिल्लीच्या बंगल्यातलं हिरवंगार लॉन बघून मामा म्हणाले, "अक्का, हितं चार दिस मेंढरं बसवली तर खत किती पडंल!" मंत्री झालेल्या अक्का पोट धरून हसल्या. त्या दिवशी मलाही ते आवडले होते. हे सांगतो, कारण कुणाला वाटेल की मी त्यांच्यावर डूख धरून बसलो होतो. तसं नव्हतं. तसं असतं तर निदान मला कळलं तरी असतं.

पुढच्या वर्षी अक्का धाराशिवला आल्या असताना मामा निवेदन घेऊन आले. त्यांचा मुलगा, तिशीतला, एजंटाच्या ओळखीनं आखातात ड्रायव्हर म्हणून गेला होता. तिथं मालकानं पासपोर्ट काढून घेतला आणि त्याला वाळवंटात मेंढरांमागं लावलं. "घरची मेंढरं नगं म्हनून गेला," मामा म्हणाले, "आन् तितं जाऊन मेंढरंच!" हसायला गेले आणि हसू आलं नाही. मामी अंथरुणाला खिळल्या होत्या. पोराला परत आणायला परराष्ट्र खात्याला पत्र हवं होतं.

अक्का म्हणाल्या, "मामा, काळजी करू नका." सही केली आणि पुढच्या माणसाकडं वळल्या. त्यांना वाटलं असणार, मामांच्या पत्राला रेघ मारा हे काय मला सांगायचं?

दुपारी गठ्ठा माझ्यापुढं आला. मी वरून खाली रेघा मारत गेलो. मामांचं पत्र आलं. निवेदनात मामींचा आजार लिहिलेला होता, तो मी वाचला. मांडीवरची ती थाप आठवली. रेघ न मारताच पेन उचललं आणि पत्र उलटून बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं. राग आला नव्हता. मग मी चहा मागवला. मला आजही धक्का बसतो तो याचाच, की हे करताना मला काहीच झालं नाही.

अकरा महिने गेले. मामा फोन करायचे. मी म्हणायचो, "चाललंय, मामा. दिल्लीचं काम आहे, वेळ लागतो." ते म्हणायचे, "तुमी हाय तवर मला काय घोर न्हाय."

मग मामी गेल्या.

दहाव्याला अक्का गेल्या, मी बरोबर. गावाबाहेर ओढ्याकाठी पिंड ठेवलेला. मुलगा नाही म्हणून पुतण्या विधीला बसलेला. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. आमच्याकडं कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि कुणीतरी पुढं होऊन ती पुरी करण्याचा शब्द देतं. लेकीनं शब्द दिला, भावानं दिला. कावळा येईना. इच्छा काय होती, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मामा उठले. खिशातून प्लास्टिकमध्ये घालून घेतलेला कागद काढला. त्यांना दिलेली आमच्या पत्राची प्रत. ती त्यांनी पिंडाकडं धरली.

"ह्ये बघ," ते मामींना म्हणाले, "अक्काची सही हाय. आनत्यात त्या पोराला. जा तू."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सही दिसत होती. तिच्याखाली कोरा कागद.

अक्का पुढं झाल्या. पिंडासमोर वाकून, हात जोडून म्हणाल्या, "मामी, आणते मी त्याला. शब्द देते." तरी कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

गाडीत बसल्यावर अक्कांनी विचारलं, "भाऊ, मामांचं ते पत्र आपण लावून धरलं होतं ना?"

"व्हय, अक्का," मी म्हणालो. "तिकडूनच उशीर होतोय."

मामांच्या हातातल्या प्रतीवर रेघ नव्हती, हे अक्कांना दिसलं होतं की नाही, मला माहीत नाही.

भूमला गाडी थांबली तेव्हा मी बाजूला जाऊन दिल्लीच्या बाबूला फोन केला. तो म्हणाला, "वो तो फाइल में पड़ा है, साब. आपने कभी बोला ही नहीं." मी म्हटलं, आता बोलतोय. त्यानं फोन लावायला सुरुवात केली. वकिलातीतून मालकाला बोलावणं गेलं. तीन आठवड्यांत मुलगा घरी आला.

तीन आठवडे. मी बोटांवर मोजून बघितलं, पुन्हा मोजलं. इतकंच काम होतं ते.

मामा मुलाला घेऊन ऑफिसात आले. नारळ, शाल. माझ्या खांद्यावर शाल घातली आणि मुलाला म्हणाले, "पाया पड. ह्यांच्यामुळं आलास तू." तो वाकला. उन्हानं काळा पडलेला, ओठ फुटलेले. मी त्याला धरायला हवं होतं, धरलं नाही.

चहा पिताना तो म्हणाला, "वकिलातीतल्या सायबानं मला इचारलं, आदी का न्हाई कळवलं? परवा फोन आला आन् आज तुला सोडवला. वर्सभर काय करत होता?"

"कळवलं व्हतं की," मामा म्हणाले. "आपलं पत्र व्हतं..."

वाक्य त्यांनी अर्धंच ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. मग बशीत चहा ओतून घेतला आणि फुंकर मारत बसले. जाताना नेहमीसारखं "येतो, भाचे" म्हणाले नाहीत. "येतो" एवढंच म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत अक्का पडल्या, मीही काम सोडलं. त्यांच्या कारकिर्दीवर लिहा, तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, असं लोक मला सांगतात. लिहायला बसलो की हेच येतं.

मामा ईटलाच आहेत, मुलगा त्यांच्याजवळ असतो. हे छापून येईल, कुणीतरी त्यांना वाचून दाखवील, आणि ते तसं कळणं बरं नव्हे. मी त्यांच्या दारात जाऊन, मुलाच्या देखत, हे सांगायला हवं: तुमच्या पत्राचं काम मी मुद्दाम केलं नाही, आणि केलं असतं तर मामी जायच्या आधी तुमचा मुलगा घरी आला असता. आणि त्या दिवशी गाडीत मी खोटं बोललो, हे अक्कांना सांगायला हवं. ही दोन्ही माणसांची देणी माझ्याकडं आहेत. दोन्ही अजून बाकी आहेत.